कापाकापी नाही, पण तयारी हवीच



भातलावणी आटोपली, की खताच्या चौकशीसोबत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मुतखडा मशीनने फोडतात म्हणे, खरं का?" खरे आहे. उन्हातान्हात, वीटभट्टीवर राबायचे आणि दिवसभरात दोन तांबे पाणी प्यायचे, तर लघवी घट्ट होणार आणि खडा धरणारच.

गेल्या वर्षी मुरबाड भागातला एक शेतकरी पहाटेच्या एसटीने कल्याणला गेला. मशीनची तारीख ठरलेली होती. ऐनवेळी कळले, की तो हृदयविकारासाठी रोज रक्त पातळ करणारी गोळी घेतो. उपचार पुढे ढकलला. मजुरी बुडाली, कळा तशाच राहिल्या. "कापायचं नाही, मग गोळीचं कशाला सांगू?" असे त्याला वाटले होते. हा समज गावोगाव आहे आणि तो घातक आहे.

या उपचारात शरीराबाहेरून धक्कालहरी सोडतात. खड्याचा चुरा होऊन तो लघवीवाटे पडतो. १९८० साली जर्मनीतील म्युनिकमध्ये माणसावर हा प्रयोग प्रथम झाला. चिरा नाही, टाका नाही. पण लहरींचा मार मूत्रपिंडालाही बसतो. रक्त नीट गोठत नसेल तर आत रक्तस्राव होतो. लघवीत जंतू असतील तर ते रक्तात पसरू शकतात. म्हणून आधी रक्त-लघवीची तपासणी, सोनोग्राफी, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात.

जाताना जुने कागद आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला. अ‍ॅस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या, वैदूचे औषध, काही लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील. उपाशी यायचे का, साखरेची नि बीपीची गोळी कशी घ्यायची, हेही आधी विचारा. पेसमेकर असेल तर सांगा. गरोदर बाईवर हा उपचार करत नाहीत. आणि प्रत्येक खडा मशीनने फुटत नाही. साधारण २ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या खड्याला बहुधा दुर्बिणीचा मार्ग धरावा लागतो.

सोबत घरचे माणूस न्या. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका. लघवी फडक्यातून गाळा, पडलेला चुरा तपासणीला द्या. काही दिवस पोते उचलू नका. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा कळ थांबेना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. कुळथाचे कढण जेवणात जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर अडलेला खडा महिनोन्‌महिने ठेवू नका. मूत्रपिंड निकामी होते, आणि त्याचे दुबार पीक नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आशाताईंना विनंती, की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती चावडीवर लावा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन, पैसे भरण्याआधी त्याला भेटायला सांगा.

पेरणीआधी मशागत आपण कोणी सांगायची वाट पाहत नाही. स्वतःच्या देहाबाबतही तसेच करा.