नाट्यगृहांचा पुनर्विकास आणि आपले नाट्यसंशोधन

ठाण्याचे गडकरी रंगायतन नूतनीकरणानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा खुले झाले. त्या निमित्ताने आसने, ध्वनियोजना, वातानुकूलन यांविषयी बरीच चर्चा झाली. मराठीच्या प्राध्यापकांचा तीत सहभाग जवळजवळ नव्हता. नाटक म्हणजे संहिता असे आपण गृहीत धरले आहे आणि वास्तूचा प्रश्न अभियंत्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत. प्रस्तुत लेखकास ही वाटणी मान्य नाही.

१९७८ मध्ये हे रंगायतन मासुंदा तलावाच्या काठी उभे राहिले, त्या स्थानालाच अर्थ होता. रेल्वे स्थानकापासून पायी येता येई. कल्याण-डोंबिवलीचा प्रेक्षक प्रयोग संपल्यावर तळ्याकाठी चहा घेत, तिसऱ्या अंकावर वाद घालत शेवटच्या गाड्यांपैकी एखादी गाठू शके. २०११ मध्ये शहराला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह मिळाले. वास्तू देखणी आहे; परंतु स्थानकापासून दूर, निवासी संकुलांच्या वस्तीत असल्याने तेथून बाहेर पडणारा प्रेक्षक पहिल्यांदा वाहन शोधतो. (रिक्षावाल्याशी घासाघीस करताना नाट्यचर्चा सुचत नाही, हा स्वानुभव.) नाट्यगृहाभोवतीचा परिसर हाही नाट्यव्यवहाराचा घटक असतो, तो असा.

मुंबईत हे पूर्वीच घडून गेले आहे. ग्रँट रोडवर १८४६ मध्ये नाट्यगृह झाले, विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये तेथे प्रयोग केले आणि त्याभोवती नाटकशाळांची वस्तीच वाढली. पुढे तेथे चित्रपटगृहे आली. आज नाटकाची खूण उरली आहे ती ‘प्लेहाउस’चा अपभ्रंश असलेल्या ‘पिला हाउस’ या नावापुरती. परळचे दामोदर नाट्यगृह गिरणगावातील कामगार नाटकमंडळ्यांचे आणि कोकणी लोककलावंतांचे हक्काचे ठिकाण होते. ते २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींना आंदोलन करावे लागले.

जीर्ण वास्तू तशीच ठेवावी, असे कोणी म्हणणार नाही. गळक्या छपराखाली प्रयोग होत नाहीत. मात्र नव्या वास्तूचे भाडे हौशी संस्थेला परवडेल काय, तालमीला जागा असेल काय, एकांकिका करणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना सुट्टीच्या दिवसाची तारीख मिळेल काय, हे प्रश्न आराखडा मंजूर होण्यापूर्वी विचारले पाहिजेत. खुर्च्यांची संख्या तेवढीच राहिली तरी त्यांवर बसणारा आणि समोर उभा राहणारा माणूस बदललेला असू शकतो.

आणखी एक हानी थेट आपल्या अभ्यासविषयाची आहे. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी हौशी रंगभूमीवर प्रबंधिका लिहीत होती. संहिता मिळाल्या, कोणत्या संस्थेने, कोणत्या दिवशी, किती प्रयोग केले याची नोंद मात्र कोठेच सापडेना. एका नाट्यगृहाच्या जुन्या आरक्षण-वह्यांचा सुगावा लागला म्हणून आम्ही दोघे तेथे गेलो. दुरुस्तीच्या वेळी खोली रिकामी करताना त्या रद्दीत गेल्याचे कळले. सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यात वावगे वाटले नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? त्या वह्या मागायला त्यापूर्वी कोणत्याही मराठी विभागातून कोणी गेलेच नव्हते.

तिने अखेर निवृत्त रंगमंच कामगारांच्या घरी जाऊन हस्तपत्रिका जमवल्या. एकाने तारखा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस खडूने लिहून ठेवल्या होत्या. ते कपाट आम्ही वेळेवर पाहिले. घर पुनर्विकासाच्या यादीत होते.