लूथरच्या घरचा संसार

मुले नोकरीनिमित्त हैदराबादेकडे गेली की कधी तरी लूथरपंथीय घराण्याशी सोयरिकीची गोष्ट निघते, आणि घरातील वडीलधारी मंडळी विचारात पडतात. "ते लोक लग्नाला संस्कार मानीत नाहीत; मग त्यांचा संसार तो कसला?" असे आम्हांस एका मातेने विचारले. प्रश्नाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र अन्यायाचा आहे.

विवाह हा संस्कार नव्हे, असे मार्टिन लूथरने 1520 साली लिहिले. विवाह ख्रिस्तापूर्वीही होता व अख्रिस्ती लोकांतही आहे, म्हणून तो ऐहिक व्यवहार होय, असे त्याचे म्हणणे. परंतु ऐहिक म्हणजे देवावेगळा, असे त्याने कधीच मानले नाही. उलट, विवाह ही खुद्द देवाने घालून दिलेली व्यवस्था आहे, असे तो आग्रहाने सांगे. 1522 च्या आपल्या एका पुस्तकात तो म्हणतो की, बाप बाळाची दुपटी धुऊ लागला तर शेजारीपाजारी त्याला बायकी म्हणून हसतील. पण तो हे श्रद्धेने करीत असेल, तर देव व देवदूत कौतुकाने हसतील. (आमच्या गावांतील किती बापांनी दुपटे हाती धरले असेल, हे आम्ही विचारीत नाही!)

त्याने 1525 च्या जूनमध्ये काथारिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. तो पूर्वीचा मठवासी, ती पूर्वीची व्रतस्थ भगिनी. दोघांनी मोडलेल्या व्रतांचे समर्थन आम्हांस करता येत नाही. तथापि व्हिटेनबर्ग येथील त्या जुन्या मठातील घर पाहण्यासारखे होते. काथारिना गुरे-डुकरे पाळी, बिअर गाळी, शेती पाही, विद्यार्थ्यांना जेवूखावू घाली. लूथर तिला थट्टेने 'माझे धनी' म्हणे. सहा मुलांपैकी एलिझाबेथ तान्हेपणीच गेली. मग्दालेना 1542 साली, तेराव्या वर्षी, बापाच्या मिठीत वारली. आपण मोठा धर्मपंडित असूनही हे दुःख आवरत नाही, हे त्याने लपविले नाही. त्याच वर्षीच्या मृत्युपत्रात, त्या काळच्या रीतीविरुद्ध, त्याने घरादाराचा भार पत्नीवरच सोपविला.

आता मतभेद. व्यभिचार किंवा परित्याग घडल्यास घटस्फोट व पुनर्विवाह लूथरला मान्य होता; आपल्या ख्रिस्तसभेला तो मान्य नाही. हेसचा लँडग्रेव्ह फिलिप याने 1540 साली पहिली पत्नी हयात असता दुसरी केली, आणि लूथरने त्यास गुप्तपणे संमती दिली होती. त्याच्या अनुयायांनाही ही गोष्ट आजवर सलते. गुप्त विवाहांना मात्र दोन्ही बाजूंचा विरोध होता. त्रेंतच्या धर्मसभेने 1563 साली धर्मगुरू व साक्षीदार यांच्यासमोरच विवाह व्हावा, असे ठरविले.

त्या मातेला सांगावयाचे ते हे. दोन बाप्तिस्मा झालेल्या लूथरपंथीयांचा वैध विवाह ते स्वतः संस्कार म्हणत नसले, तरी आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे तो संस्कारच ठरतो. मुलाकडच्या आईबापांचा संसार म्हणून हलका लेखू नये. आपल्या मुलीसाठी मात्र बिशपांची परवानगी लागेल. शिवाय आपला विश्वास जपण्याचे आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक धर्मात व्हावे म्हणून शक्य ते सर्व करण्याचे वचन तिला द्यावे लागेल. हे वचन मुलालाही वेळीच कळविलेले असले पाहिजे. तेव्हा साखरपुड्याची तारीख ठरविण्याआधीच धर्मगुरूंची भेट घ्यावी. पत्रिका छापून झाल्यावर नव्हे.