मयताची ऑर्डर

लग्नाच्या हाराचा विसार तीन-तीन महिने आधी येतो. मयताच्या हाराला फूलवाल्याच्या हातात बहुतेक वेळा दोन-तीन तासच असतात. फोन पहाटे येतो. बोलणारा बहुधा घरातला नसतो, शेजारी असतो किंवा एखादा भाचेजावई. त्याला एवढेच माहीत असते, की ‘दहाला काढायचं आहे’. हार किती, केवढे, जाणारी व्यक्ती पुरुष की सवाष्ण, हे सांगायचे भान त्याला नसते आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येत नाही. ते भान दुकानदाराने ठेवायचे असते.

मुंबई-पुण्यात परदेशातला मुलगा पोहोचेपर्यंत देह शवागारात ठेवतात, त्यामुळे तिथल्या फूलवाल्याला एखादा दिवस तरी मिळतो. जळगाव-धुळ्यात अजून बहुतेक घरी ज्या दिवशी मरण त्याच दिवशी अंत्यविधी. त्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणून ऊन चढायच्या आत निघायचे नाहीतर उन्हे कलल्यावर. म्हणजे फूलवाल्याला दिवसातून दोनच वेळा गाठायच्या असतात आणि दोन्ही ठरवणारा दुसराच कोणी.

या घाईतून व्यवसायाला एक वाईट खोड लागली आहे. मयतासाठी काय जाते? काल उरलेला झेंडू, मंडपातून परत आलेल्या निशिगंधाच्या लडी, पाकळ्या गळायला लागलेली शेवंती. गिऱ्हाईक परत येऊन भांडत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मयताच्या दारात कोणी घासाघीसही करत नाही, हेही ठाऊक आहे. म्हणजे माल दुय्यम आणि भाव मात्र लग्नतिथीचा, असा सौदा काही दुकानांतून सर्रास चालतो. हे मासिक फूलवाल्यांचे आहे आणि त्यांच्या बाजूनेच बोलते. तरी हे इथेच लिहायला हवे, कारण गिऱ्हाईक ते कधीच बोलून दाखवणार नाही.

उपाय साधा आहे. हाराची तीन मापे, पुष्पचक्राची दोन मापे आणि सुट्या पाकळ्यांचा किलोचा भाव दुकानात पाटीवर लिहून ठेवावा. भाव वरखाली होतात म्हणून पाटी जमत नाही, ही सबब टिकत नाही. भाव बदलला की खडू बदलावा.

मालाचा प्रश्न मात्र खरा आहे. जळगावच्या उंबरठ्यावर शिरसोलीसारखे फुलशेतीचे गाव आहे. धुळ्याच्या बाजारालाही जवळच्या गावांतला माल लागतो आणि आग्रा रस्त्याने येणाऱ्या नाशिकच्या मालाची जोड लागते. सकाळचा माल आला की दुपारपर्यंत चिंता नाही. अडचण येते ती संध्याकाळच्या अंत्ययात्रेला. तोवर उन्हाने गुलाब मान टाकतो आणि मोगरा पिवळा पडतो.

खान्देशात शीतगृहांची वाण नाही, पण ती केळीची आहेत आणि फूलवाल्याने तिथे क्रेट ठेवण्याचा मोह टाळावा. केळी पिकवायला इथिलीन वायू सोडतात. पिकणारे केळे स्वतःही तो सोडत असते. हाच वायू फुलांना म्हातारे करतो. कार्नेशनच्या पाकळ्या आत वळतात, ते फूल पुन्हा उमलत नाही. शिवाय केळीला तेरा-चौदा अंश लागतात, तर गुलाबाला दोन ते पाच. ओळखीच्या व्यापाऱ्याने ‘ठेवा की, जागा आहे’ म्हटले तरी नाही म्हणावे.

त्यापेक्षा दुकानामागे विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो भाजीपाल्यासाठी तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर ओल्या गोणपाटाचे झाकण, इतकेच. हवा जितकी कोरडी तितका तो जास्त गार होतो, आणि एप्रिल-मेमधल्या जळगावइतकी कोरडी हवा शोधूनही मिळायची नाही. बाहेरच्यापेक्षा आतले तापमान दहा-पंधरा अंशांनी कमी राहते. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. पण पावसाळ्यात उन्हाचा त्रासही नसतो, तेव्हा फूल सडते ते ओल धरून.

आता चितेचा विचार. लग्नाचा हार कचऱ्यात जातो, मयताचा बहुधा सरणावर. हारात गुंफलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, जरी, चमकी, नायलॉनचा दोरा हे सगळे मग पेटते, आणि मुखाग्नी देऊन उभ्या असलेल्या मुलाच्या नाकात जळक्या प्लास्टिकचा वास जातो. सुती दोऱ्यात नुसते फूल आणि मधे तुळस किंवा अशोकाचे पान, एवढ्यात हार पुरा होतो. गॅसदाहिनी असेल तिथे हार आधी काढूनच घेतात. ते नदीत न जाता खतात जावेत, यासाठी स्मशानाच्या दारात निर्माल्याची एक टाकी पुरते. धुळ्याच्या पांझरेने पुष्कळ सोसले आहे, त्यात तारेची चक्रे तरी नकोत.

पुष्पचक्राची गोष्ट वेगळी. ते सरणावर जात नाही, आधी बाजूला ठेवतात. खान्देशातल्या गावागावांतून मुले सैन्यात आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये श्रीनगरजवळच्या हल्ल्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पिंपळगावचा एकवीस वर्षांचा जवान शहीद झाला. अशा वेळी मंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, सैन्यदल, माजी सैनिक या प्रत्येकाचे चक्र वेगळे लागते, आणि नेमका किती वाजता देह गावात पोहोचेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. चक्रे उन्हात चार तास तग धरतील अशीच बांधावी लागतात.

म्हणून अनेक जण पाणी धरून ठेवणारा हिरवा फोम वापरतात. हा फोम १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत स्मिदर्स यांच्या कंपनीने आणला. तो फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनतो, कुजत नाही, नुसता चुरा होऊन मातीत राहतो. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात २०२१ पासून त्याला बंदी आहे. जळगावकराने त्यासाठी लंडनकडे बघायचे कारण नाही. घड कापला की केळीचे खोड शेतात आडवे पडते, शेतकऱ्याला ते कुठे टाकावे हा प्रश्न असतो. पाण्याने भरलेल्या त्या खोडात देठ खोचले की फूल पाणी पीत राहते. थायलंडमध्ये पाण्यावर दिवे सोडायचे द्रोण, क्राथोंग, याच खोडाच्या चकत्यांवर सजवतात. अख्खे खोड जड होते, म्हणून बांबूच्या कड्याला गव्हाचे काड बांधून वर खोडाची सोपटे गुंडाळावीत. पहिले दोन-चार प्रयत्न फसतील. हात बसला की फोमचा खर्च वाचेल.

घरपोच देण्याचीही एक रीत असते. हार पोहोचवणाऱ्या मुलाने गाडीचा हॉर्न वाजवू नये, घरात फोन करून पत्ता विचारू नये, ज्याने ऑर्डर दिली त्यालाच गाठावे. धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या पिंप्राळ्यात एका कॉलनीत चार पाटील आणि तीन चौधरी सहज निघतात. मयताचा हार घेऊन भलत्या पाटलाच्या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर ती वेळ आली तोच सांगेल. त्यामुळे वहीत आडनावापुढे गल्ली आणि जवळची खूण लिहिलीच पाहिजे. पैसे दारात मागू नयेत. सावडणे झाल्यावर ऑर्डर देणाऱ्याकडे बिल पाठवावे. ते बुडत नाही.

वहीत आणखी एक रकाना हवा, रीतीचा. सवाष्णीला हिरवी साडी, भरलेली ओटी आणि गजरा. हिवाळ्यात मोगरा नसतो, तेव्हा शेवंतीची वेणी चालते का हे आधी विचारावे. नातलगांच्या पांघरुणांचा थर चढला की खालचे हार दिसेनासे होतात, म्हणून एक मोठा हार शेवटी घालायला वेगळा ठेवावा. मुसलमान घरी कबरीवर गुलाबाच्या पाकळ्या आणि फुलांची चादर लागते, ख्रिस्ती घरी क्रूस. नव्या कारागिराला यातले काही येत नसेल, तर कळून घ्यायची वेळ आधीची, फोन आल्यानंतरची नव्हे.

हार राहून गेला तर घराला किती सलते, हे कोरोनात दिसले. २०२० च्या उन्हाळ्यात अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा आली. कोरोनाने गेलेल्यांचे देह पिशवीत बंद होते, हार घालायला कोणी जवळ जाऊ शकत नव्हते. शेतात झेंडू तसाच वाळला. पुढे वर्षश्राद्धाला अनेक घरांनी फोटोसाठी नेहमीपेक्षा मोठा हार मागितला. राहून गेलेला हार ते आता घालत होते.

तेरा दिवसांच्या आतबाहेर उत्तरकार्य आणि गंधमुक्ती येते, तेव्हा तेच घर पुन्हा फूल मागते: फोटोचा हार, श्रद्धांजलीसाठी सुटी फुले, मंडपातल्या दोन कुंड्या. या वेळी तारीख, वेळ, पत्ता सगळे आधी माहीत असते. तरी ही ऑर्डर बहुतेकदा मांडववाल्याकडे जाते आणि तो प्लास्टिकचा हार लावून मोकळा होतो. विधिमंडळाच्या २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कृत्रिम फुलांवर बंदीची मागणी जोरात झाली. मुंबईत काय ठरायचे ते ठरेल. पहिल्या दिवशी ज्याच्या दुकानातून हार गेला, त्याने नवव्या दिवशी त्या भाचेजावयाला एक फोन करायला कोणत्याही बंदीची गरज नाही.