ऑनलाइन कोर्सला पाच तारे मिळाले, पण मध्येच सोडून गेलेल्यांना विचारलं का?

जुलै आणि जानेवारीत इंजिनीअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘स्वयम’च्या कोर्सची यादी फिरू लागते. हे कोर्स आता केवळ हौसेचे राहिलेले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून पूर्ण करण्याची मुभा संस्था देऊ शकते. पदवीचा एवढा हिस्सा ऑनलाइन जाणार असेल, तर कोर्स चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचे?

सध्या गुण कसे मिळतात?

‘स्वयम’वरील इंजिनीअरिंगचे बहुतेक कोर्स ‘एनपीटीईएल’चे असतात. आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा २००३ पासूनचा उपक्रम. त्यात साप्ताहिक असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरल्या जातात. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० गुण हवेत. परीक्षा देखरेखीखाली होते, ही या पद्धतीची भक्कम बाजू.

मग अडचण कुठे आहे?

अडचण असाइनमेंटमध्ये आहे. बहुतेक प्रश्न पर्यायी असतात आणि त्यांची उत्तरे सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर शोधले की लगेच सापडतात. यावर नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे ‘मुले कॉपी करतात’. पण खरे नुकसान शिक्षकाचे होते. वर्गात मुलांचे चेहरे पाहून शिक्षकाला कळते, की हा मुद्दा डोक्यावरून गेला. ऑनलाइनमध्ये ते काम असाइनमेंट करते.

समजा, ४ ओमचे दोन रेझिस्टर समांतर जोडले. उत्तर २ ओम. निम्म्या विद्यार्थ्यांनी ८ ओम निवडले, तर त्यांनी सरळ बेरीज केली हे शिक्षकाला कळते आणि तो भाग पुन्हा शिकवता येतो. सगळ्यांनी व्हिडिओ पाहून २ वर टिचकी मारली, तर ही चूक परीक्षेपर्यंत दिसतच नाही. तोवर त्या बॅचसाठी कोर्स संपलेला असतो.

अभिप्रायाचा फॉर्म पुरेसा नाही का?

नाही. कोर्सच्या शेवटी येणारा फॉर्म शेवटपर्यंत टिकलेलेच भरतात. खानावळीत रोज येणाऱ्याला चव विचारायची आणि पहिल्याच दिवशी अर्धे ताट टाकून उठलेल्याला जाऊ द्यायचे, असा हा प्रकार आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ‘एडेक्स’वरील कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच कोर्स पूर्ण केला होता. यातले अनेक जण नुसते डोकावायला आले असतील, हे मान्य. तरीही का सोडला, हे त्यांना विचारायला हवे.

प्रशिक्षण मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या सांगितल्या : आवडले का, समजले का, कामात वापरले का आणि त्याने फरक पडला का. पाच ताऱ्यांचा फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो.

काय करता येईल?

पहिले, साप्ताहिक प्रश्नांना कमी गुण ठेवावेत. गुणांची लालूच घटली की नक्कलही घटेल आणि चुका खऱ्या दिसतील. उरलेले गुण छोटा प्रकल्प, चार ओळींचे स्वतःच्या शब्दांतले उत्तर, चालवून दाखवायचा प्रोग्राम यांत वाटावेत. हजारो उत्तरे तपासणार कोण, हा आक्षेप योग्यच आहे. पण प्रोग्रामिंगच्या कोर्समध्ये प्रोग्राम आपोआप तपासले जातातच. लेखी उत्तरे निकष देऊन विद्यार्थ्यांनीच एकमेकांची तपासावीत आणि त्यातली ५० शिक्षकाच्या सहायकाने दर आठवड्याला वाचावीत. गुणांसाठी नव्हे, तर शिकवण्यात काय राहिले ते कळण्यासाठी.

दुसरे, व्हिडिओ कुठे थांबवला जातो ते पाहावे. ‘एडेक्स’वरील ६९ लाख व्हिडिओ सत्रांच्या २०१४ च्या अभ्यासात छोटे व्हिडिओ जास्त पाहिले जातात असे दिसले आणि संशोधकांनी सहा मिनिटांच्या आतले तुकडे करण्याचा सल्ला दिला. अर्थात, आकडे कुठे सोडला ते सांगतात, का सोडला ते नाही.

म्हणून तिसरे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दोन प्रश्न विचारावेत : कुठे अडलात? पुढे जाणार नसाल तर का? हे प्रश्न मराठीतही असावेत. इंग्रजी व्याख्यान कसेबसे समजणारा विद्यार्थी आपली अडचण इंग्रजीत लिहिण्याच्या फंदात पडणार नाही.

आणि शेवटचे, कोर्स पुन्हा सुरू होताना त्याच्या पानावर चार ओळी असाव्यात : मागच्या वेळी विद्यार्थी कुठे अडले आणि आम्ही काय बदलले. याला ना मोठा खर्च लागतो, ना नवे तंत्रज्ञान. नाव नोंदवायचे की नाही, हे ठरवताना विद्यार्थ्याला ताऱ्यांपेक्षा या चार ओळींचा जास्त उपयोग होईल.