झाडाखाली का उभी राहिली?

बरेच दिवस काही लिहिलं नाही. पुण्याहून भाच्याचा फोनही आला, "आत्या, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. मनच ठिकाणावर नव्हतं. आज लिहायला बसले आहे, तर थोडं रागावूनच लिहिणार आहे. सांभाळून घ्या.

गेल्या परतीच्या पावसात माझी एक विद्यार्थिनी वीज पडून गेली. नाव लिहीत नाही, तिची मुलं अजून शाळेत आहेत. सोयाबीनच्या काढणीला गेली होती. रान उक्तं घेतलेलं, टोळीत सहा बायका. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आलं. काढलेलं सोयाबीन भिजू नये म्हणून आधी गंजीवर ताडपत्री ओढली, तोवर पाऊस सुरू झाला. बांधावर एकच कडुलिंब. तिघी तिकडे धावल्या. दोघी भाजल्या, पण वाचल्या. ही जागेवरच गेली.

मी भेटायला गेले तेव्हा ओसरीवर पाचसहा माणसं बसली होती. एक आजीबाई हळूच म्हणाल्या, "पायाळू होती का गं?" पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते ही आपल्याकडची जुनी समजूत. आजीबाईंचं मला काही वाटलं नाही. ज्यांना कुणी काही शिकवलंच नाही त्यांच्यावर काय रागवायचं? पण शेजारी बसलेले एक चांगले शिकले-सवरलेले गृहस्थ म्हणाले, "दहावी झालेली बाई, तरी झाडाखाली का उभी राहिली?"

दुःखाच्या घरी वाद घालू नये, म्हणून गप्प बसले. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. तिथे दिलं नाही ते उत्तर आज इथे देते.

तर मग तिने उभं राहायचं तरी कुठे, साहेब? गाव दोन-अडीच किलोमीटर लांब. वाट चिखलाची. आखाड्यावर पत्र्याचं शेड, तेही तीन बाजूंनी उघडं. अशा उघड्या शेडमध्ये जीव वाचेल याची खात्री नाही. झाड वाईट, कारण झाडावर पडलेली वीज बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेते, आणि बुंध्यातून जमिनीत उतरून भोवताली पसरते. दोन पावलांत अंतर असेल तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. म्हणूनच पुढच्या-मागच्या पायांत एवढं अंतर असलेली गाई-बैलं एका दमात दगावतात. थेट डोक्यावर वीज पडून मरणारे थोडे, या बाजूच्या झेपेने आणि जमिनीतल्या प्रवाहाने मरणारेच जास्त. आणि मोकळ्या रानात थांबावं, तर कापलेल्या सोयाबीनच्या रानात सगळ्यात उंच वस्तू कोण? तीच.

पाय जुळवून, डोकं खाली घालून उकिडवं बसावं, आडवं पडू नये, असं सांगतात. दुसरा इलाजच नसेल तर ते ठीक. पण तो शेवटचा उपाय आहे, संरक्षण नव्हे. सगळ्या सूचनापत्रकांचं पहिलं वाक्य असतं, "पक्क्या घरात जा." ज्या शिवारात पक्कं घरच नाही तिथे या वाक्याचा अर्थ काय होतो?

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. मी मूळची मराठी आणि इतिहासाची. पण आमच्या शाळेला दोन वर्षं विज्ञानाचे शिक्षक नव्हते, तेव्हा आठवीचं विज्ञानही माझ्याकडेच होतं. ही मुलगी त्याच वर्गातली. मी फळ्यावर तडितरक्षकाची आकृती काढली. वर टोकदार धातूची सळई, भिंतीवरून खाली आलेली तांब्याची पट्टी, जमिनीत पुरलेला पत्रा. शोध कोणी लावला? बेंजामिन फ्रँकलिन. मुलांनी पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मी गुण दिले. ज्या वर्गात हे शिकवत होते त्यावर पत्रे होते आणि तडितरक्षक नव्हता. हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. एकाही मुलाने विचारलं नाही, "बाई, आपल्या शाळेचा कुठे आहे?" आणि तो प्रश्न मुलांना पडावा असं मी शिकवलं नाही. मग त्या गृहस्थांनी "शिकलेली असून" म्हणावं, ते कोणत्या तोंडाने?

लोक म्हणतात नशीब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात २,८८७ माणसं वीज पडून मेली. म्हणजे दिवसाला सरासरी आठ. त्याच्या आधीच्या तीन वर्षांतही आकडा असाच २,८०० च्या वर होता. नशीब दरवर्षी इतकं नेमाने एकाच दारात कसं जातं? शेतकरी, मजूर, गुराखी. मे महिन्यातला वळीव, जूनमधली पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरातली काढणी. वेळही बहुधा दुपारनंतरची. म्हणजे माणसं शेतात असतात नेमकी तीच वेळ.

११ जुलै २०२१ ला जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळच्या बुरुजावर फोटो काढणाऱ्या लोकांवर वीज पडली, अकरा जण गेले. देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती. आमच्या तालुक्यातली बाई मात्र चार ओळींत संपते, त्यातही एक ओळ दगावलेल्या बैलाची.

आमचा भाचा म्हणतो, "आत्या, आता दामिनी ॲप आहे!" आहे, आणि चांगलं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे, आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा होत असतील तर इशारा देतं. मी स्वतः घेतलं आहे, तुम्हीही घ्या. पण अरे बाळा, त्या सहा जणींत एकच फोन होता आणि तो भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळून ठेवलेला. समजा वाजला असता. रान उक्तं, म्हणजे काम पुरं झालं तर पैसे. आभाळात गडगडलं म्हणून अर्धं रान टाकून निघून गेल्या असत्या तर मुकादमाने पुढच्या वेळी बोलावलं असतं का? इशारा कळण्यासाठी फोन लागतो, तो पाळण्यासाठी मजुरीची हमी लागते आणि पळून जायला जागा लागते. यातली पहिलीच गोष्ट आपण दिली आणि काम झालं म्हणतो.

अमेरिकेत १९४० च्या दशकात विजेने वर्षाला तीनशेहून जास्त माणसं मरत. आता साधारण वीस. त्यांच्या आकाशातल्या विजा काही कमी झाल्या नाहीत. उघड्या शेतात राबणारी माणसं कमी झाली, घरं पक्की झाली, आणि गडगडाट ऐकला की खेळसुद्धा थांबवायची शिस्त लागली. म्हणजे फरक आभाळात नाही, तो जमिनीवर करता येतो.

आपण काय करतो? माणूस गेल्यावर वारसाला ४ लाख रुपये देतो. ते मिळायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंचनामा, शवविच्छेदन, फेऱ्या यात घरचे थकून जातात. केंद्राच्या २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या बारा आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, कीड आहे, थंडीची लाट आहे. वीज नाही. ओडिशाने २०१५ साली आणि शेजारच्या बांगलादेशाने २०१६ साली विजेला आपत्ती म्हटलं. नाव दिल्याने वीज थांबत नाही हे मलाही कळतं. पण नाव दिल्याशिवाय पैसाही येत नाही.

माझं मागणं साधं आहे. शिवारात ठरावीक अंतरावर एक पक्की, चारी बाजूंनी बंद खोली, तिच्यावर नीट जमिनीत उतरवलेला तडितरक्षक. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर एक सळई उभी करून सगळं गाव सुरक्षित होत नाही. तिचं संरक्षण त्या इमारतीपुरतं आणि अगदी लगतच्या जागेपुरतं. शिवाय तांब्याची पट्टी चोरीला गेली की तेही नाही, तेव्हा दरवर्षी मेच्या आत कुणीतरी ती तपासली पाहिजे. आणि गडगडाट ऐकला की काम बंद, मजुरी पूर्ण, हा नियम.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर आडोसा गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. हृदय किंवा श्वास बंद पडून माणूस जातो, म्हणून ताबडतोब छाती दाबायला आणि श्वास द्यायला लागा, तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणसाला गळ्यापर्यंत शेणात पुरून ठेवल्याच्या बातम्या छत्तीसगडकडून आल्या आहेत. त्यात हातची मिनिटं जातात, दुसरं काही होत नाही.

शेवटी घरच्यांना. हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी बहुतेकांची गावाकडे जमीन आहे, बटईने दिलेली. माझ्याही वाट्याला चार एकर आहे. तिथेही आडोसा म्हणून एक आंबाच आहे. दुसऱ्याच्या रानाबद्दल एवढं बोलले, पण स्वतःच्या रानात पाहायचं मला आजवर सुचलं नव्हतं. भावाशी बोलले आहे. येत्या उन्हाळ्यात बांधावर खोली बांधायची, तडितरक्षकासकट. पेन्शनीतले पैसे बाजूला काढले आहेत. बटईदाराला सांगून ठेवलं आहे, आभाळ वाजलं की बायकांना आत घ्या, सोयाबीन भिजलं तर भिजलं, नुकसान माझं.

आणि त्या गृहस्थांना एवढंच. ती झाडाखाली उभी राहिली, कारण त्या रानात आपण सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी फक्त झाडच ठेवलं होतं.