फर्ज बिरादरी विचारत नाही

पासलीवरून केळद, पुढे मढे घाट. घाट उतरला की महाड तालुका. त्याच महाडात डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेला मंडप घालायला कोणी जागा देईना. ती दिली फत्तेखान यांनी. चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क मागणारे त्यांच्या जमातीचे नव्हते.

हे आम्ही सभासंमेलनांत अभिमानाने सांगतो. पण फत्तेखान आमचे होते म्हणून ते कृत्य थोर ठरते काय? मुळीच नाही. कोणीही, कोणासाठीही केले असते तरी ते योग्यच ठरले असते. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ मध्ये हेच मांडले होते: जो नियम सर्वांना लागू व्हावा असे म्हणता येईल, त्याच नियमाने वागा.

आणि आम्ही? शहरात मुसलमान म्हणून भाड्याची खोली नाकारली की इन्साफ मागतो. घरी सोयरीक आली की आधी बिरादरी विचारतो. पिंजारी, कसाई, फकीर म्हणून नाक मुरडतो. स्वतःसाठी मागितलेला इन्साफ शेजाऱ्याला नाकारला, तर तो इन्साफ राहत नाही, नुसता स्वार्थ उरतो. फर्ज बिरादरी पाहूनच बजावायचा असेल, तर चवदार तळे अडवणाऱ्यांना आम्ही कोणत्या तोंडाने दोष देणार?