समुद्रकाठची मोजपट्टी कोणाच्या हाती?

गिरगाव चौपाटीवर उभे राहून समुद्राकडे तोंड केले, की मुंबईच्या नगररचनेचा शंभर वर्षांचा इतिहास एका दृष्टिक्षेपात दिसतो. डाव्या हातास मरीन ड्राइव्हवरील पाच-सहा मजली इमारतींची सलग, समतल रांग. तिच्या टोकाशी एकाएकी आकाशात घुसलेल्या नरिमन पॉइंटच्या कचेऱ्या. आणि उजव्या हातास मलबार हिलच्या झाडीतून डोके वर काढणारे मनोरे. पहिल्या रांगेतील घरमालकही काही संन्यासी नव्हते. समोर समुद्र असता आणखी दोन मजले चढवावेत असा मोह त्यांनाही झाला असेलच. परंतु भराव घालून मिळविलेले ते भूखंड देतानाच उंचीच्या आणि दर्शनी भागाच्या अटी घातल्या गेल्या होत्या, आणि त्या सर्वांस सारख्या लागू होत्या. याच रांगेला ओव्हल मैदानाभोवतीच्या वास्तूंसह २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. उंचीस मर्यादा घातल्याने शहर खुजे होते असे म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचे उत्तर आम्हांस द्यावे.

आज हा विषय काढण्याचे कारण सौंदर्यदृष्टीचे नाही. १८ जानेवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची नवी अधिसूचना काढली. तीनुसार तयार झालेला मुंबईचा किनारा व्यवस्थापन आराखडा सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झाला. आणि तेव्हापासून कफ परेडपासून वर्सोव्यापर्यंत समुद्रालगतच्या जुन्या इमारतींच्या जागी नवे मनोरे उभे करण्याची घाई सुरू झाली आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यातील शहरी भागात बांधकामाचे प्रमाण त्या दिवशीच्या नियमांवर गोठविले होते. नव्या अधिसूचनेने ते बंधन काढून २०१९ चे स्थानिक नियम लागू केले. यापुढे चटईक्षेत्र वाढवावयाचे झाल्यास स्थानिक संस्थेने वा राज्य सरकारने राज्याच्या किनारा प्राधिकरणामार्फत दिल्लीकडे जावयाचे आहे. म्हणजे मोजपट्टी बऱ्याच अंशी पुन्हा गावाच्या हाती आली. गावाने ती कशी धरावी याबद्दल मात्र गावात चर्चा नाही, आणि हीच आम्हांस चिंतेची बाब वाटते.

सामान्य नागरिकाचा येथे एक गैरसमज होतो, तो आधी दूर केला पाहिजे. चटईक्षेत्र निर्देशांक म्हणजे उंचीची मर्यादा नव्हे. हजार चौरस मीटरांच्या भूखंडावर १.३३ निर्देशांक असेल तर एकूण १,३३० चौरस मीटर बांधता येते, एवढेच तो निर्देशांक सांगतो. ते दोन मजल्यांत बांधावे की बारीक सुळक्यासारखे वर न्यावे याविषयी तो मुका आहे. त्यातून वाहनतळाचे मजले चटईक्षेत्रात मोजले जात नाहीत. म्हणून आज समुद्रकाठच्या अनेक इमारतींत पहिले सहा-सात मजले मोटारींचे असतात आणि माणसांची वस्ती त्याच्यावर सुरू होते. त्यावर अधिमूल्य भरून मिळणारे ३५ टक्के जादा क्षेत्र, पुनर्विकासाचे प्रोत्साहन क्षेत्र, आगीच्या वेळी आश्रयासाठी ठेवावयाचे मजले अशी भर पडत जाते. कागदावर लहान दिसणारा आकडा प्रत्यक्षात चाळीस मजल्यांचा होतो तो असा. यांतील एकही गोष्ट बेकायदा नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

खरे तर किनाऱ्यावर उंची मीटरांत सांगणारा नियम आपल्या देशात आहे. परंतु तो मुंबईकरांसाठी नाही. कोकणातल्या ग्रामीण किनाऱ्यावर राहत्या घराची उंची नऊ मीटरांहून अधिक असता कामा नये आणि तळमजला व वर एक मजला यांपलीकडे जाता कामा नये, असे १९९१ पासून चालत आले आहे आणि २०१९ च्या अधिसूचनेतही ते कायम आहे. म्हणजे मुरुड वा तारकर्लीच्या मच्छिमाराने मुलाच्या लग्नानंतर तिसरी खोली वर चढविली तर तो कायदेभंग. आणि त्याच अरबी समुद्राच्या काठी मुंबईत शेकडो फूट उंच मनोरा उभा राहिला तर तो विकास! शहर आणि गाव यांच्या गरजा भिन्न असतात हे आम्हांस मान्य आहे. परंतु गरिबास मीटरांत मोजावयाचे आणि धनिकास गुणोत्तरात, हा भेद कोणत्या न्यायात बसतो?

मुंबईत उंचीचे निर्बंध अजिबात नाहीत असे नव्हे. विमानतळाच्या परिसरात ते आहेत, आणि तेथे ते पाळलेही जातात, कारण विमान तडजोड करीत नाही. मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यान व फिरोजशाह मेहता उद्यान येथून बॅक बेचा देखावा झाकला जाऊ नये म्हणून खालच्या इमारतींच्या उंचीवर निर्बंध घालणारी तरतूद विकास नियमावलीत आहे. १९९५ पासून वारसा परिसरांसाठी स्वतंत्र नियम आहेत. मग जे एका उद्यानातून दिसणाऱ्या देखाव्यासाठी करता आले, ते साऱ्या किनाऱ्यासाठी का करता येऊ नये?

याचे उत्तर आमच्या मते तिजोरीत आहे. १ जुलै २०१७ पासून जकात गेली आणि महापालिकेचे हुकमी उत्पन्न राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहिले. तेव्हापासून बांधकाम परवानग्यांतून येणाऱ्या अधिमूल्याचे महत्त्व वाढतच गेले आहे. जादा चटईक्षेत्र हवे, अधिमूल्य भरा. इमारतीभोवतीची मोकळी जागा नियमाहून कमी पडते, अधिमूल्य भरा. मोकळ्या जागेचा नियम हवा-उजेडासाठी आणि आगीचा बंब फिरावा म्हणून केलेला. पैसे भरल्याने हवा वाढत नाही आणि बंबाचा आकारही लहान होत नाही. ज्या संस्थेने मोजपट्टी धरावयाची, तिचाच महसूल पट्टी सैल धरण्यावर अवलंबून असेल, तर अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी त्याची कुचंबणा होणारच. त्यातही मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षे प्रशासकानेच कारभार पाहिला. किनाऱ्याचे नियम सैल झाल्यानंतरचा महत्त्वाचा काळ निर्वाचित सभागृहावाचून गेला. नगरपित्यांचे सभागृह काही ऋषींचा आश्रम नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु तेथे निदान प्रश्न विचारला जातो आणि तो छापला जातो.

नियम वेळीच स्पष्ट केला नाही म्हणजे काय होते याचे दोन दाखले ताजे आहेत. कुलाब्यातील ‘आदर्श’ ही ३१ मजल्यांची इमारत २०१० साली देशभर गाजली; तिच्यापायी मुख्यमंत्र्यांस पद सोडावे लागले; जानेवारी २०११ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला; आणि जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडण्यास स्थगिती दिली. दुसरा दाखला केरळातील मरडू गावचा. तेथे २००६ साली ग्रामपंचायतीने खाडीकाठी बहुमजली संकुलांना परवाने दिले. किनारा प्राधिकरणाची संमती नव्हती. वाद न्यायालयांत फिरत राहिला, तोवर घरे विकली गेली, माणसे राहावयास आली. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा हुकूम दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार संकुले सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आली. तीनशेहून अधिक कुटुंबांची घरे गेली. त्यांस तात्पुरती भरपाई म्हणून २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. धुरळ्याची ती चित्रे आपण सर्वांनी घरी बसून पाहिली. परवाना पंचायतीने दिला, लाभ बांधणाऱ्याने घेतला, आणि घर गमावले ते कर्ज काढून सदनिका घेणाऱ्याने. मुंबईचा मध्यमवर्गीय याच तिसऱ्या जागी उभा आहे, हे त्याने विसरू नये.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९९१ च्या गोठवणुकीने किनाऱ्यालगतच्या जुन्या इमारतींतील भाडेकरूंचे हाल केले. गिरगाव, दादर, माहीम येथील १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींत टेकू लावलेल्या जिन्यांवरून लोक तीस तीस वर्षे ये-जा करीत राहिले. पलीकडच्या गल्लीत, भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या बाहेर, तसल्याच चाळीचा पुनर्विकास होई आणि अलीकडची चाळ पावसाळ्यात रिकामी करण्याच्या नोटिसा घेत असे. २०११ च्या अधिसूचनेने जीर्ण आणि उपकरप्राप्त इमारतींपुरती वाट काढली. परंतु जुहू, वांद्रे, वर्सोवा येथील जुन्या सहकारी सोसायट्या तशाच राहिल्या. खाऱ्या हवेने लोखंड फुगते, छताचे पोपडे पडतात. अशा घरात राहणाऱ्यास समुद्राच्या देखाव्याची थोरवी सांगणे ही क्रूर थट्टा होईल. त्या भाडेकरूंस आणि सभासदांस पक्के, पुरेसे घर त्याच जागी मिळालेच पाहिजे. बंधन उठले याचे आम्हांस दुःख नाही.

दुःख याचे, की जुने बंधन उठविताना त्याच्या जागी नवे काही ठेवले नाही. भाडेकरूस घर द्यावयास बारा मजले लागत असतील, विकसकाचा वाजवी नफा सुटावयास आणखी काही मजले लागत असतील, तर तो हिशोब मांडता येतो. जेथे मर्यादाच नाही तेथे हिशोब मांडण्याची गरज उरत नाही. भाडेकरूंच्या नावाने मिळालेली उंची शेवटी कोणाच्या उपयोगी पडते हे समुद्राकडील सदनिकांचे दर विचारून पाहणाऱ्यास कळते. पुष्कळ ठिकाणी मूळ रहिवाशांची घरे मागील बाजूस, खालच्या मजल्यांवर असतात आणि समुद्र विकावयाच्या सदनिकांकडे जातो.

मुंबई अरुंद आहे, तिने वरच गेले पाहिजे, असे तज्ज्ञ म्हणतात. जावे. परंतु वर जाण्याची जागा रेल्वे स्थानकांजवळ आहे, रुंद रस्त्यांवर आहे. समुद्राच्या पहिल्या रांगेतच ती असली पाहिजे असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? पहिली रांग उंच झाली की मागच्या दहा गल्ल्यांचा वारा अडतो. गिरगावच्या चाळींचे सज्जे संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यावर जगले; वीजबिलाचे ओझे वाढविणारी यंत्रे त्यांस नको होती. आणि पाण्याचे काय? साडेचार मीटरांची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की गटारांची तोंडे समुद्राखाली जातात आणि पाणी शहरात तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. त्यानंतर पंप बसले, ही गोष्ट चांगली झाली. परंतु एका चाळीच्या जागी चौपट माणसे आणि तळघरातून मोटारी आल्या, तर त्याच गटारावर पडणारा भार कोणी मोजला आहे काय?

कोळीवाड्यांचा विचार तर स्वतंत्रपणेच व्हावयास हवा. वरळी, माहीम, खार दांडा, वर्सोवा, मढ ही गावे मुंबईहून जुनी आहेत. जाळी वाळविण्याची आणि होड्या ओढून ठेवण्याची मोकळी जागा हे त्यांचे कारखाने होत. नकाशावर ती ‘रिकामी’ दिसते एवढाच तिचा अपराध. त्यांस बंगल्यांची नियमावलीही नको आणि मनोऱ्यांचीही नको. कोळीवाड्यांच्या हद्दी रहिवाशांस बरोबर घेऊन निश्चित झाल्या पाहिजेत, आणि त्या होईपर्यंत त्यांच्या कडेने मोठ्या परवानग्या देणे थांबविले पाहिजे. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी रस्त्याच्या भरावावर निवासी वा व्यापारी बांधकाम होणार नाही अशी अट परवानगीत आहे. ती अट शब्दशः पाळली जाते की नाही, यावरही डोळा ठेवावा लागेल. भरावाच्या जमिनीचा या शहराचा पूर्वेतिहास काही फारसा अभिमानास्पद नाही. बॅक बे योजनेतील भ्रष्टाचार १९२० च्या दशकात चव्हाट्यावर आणणाऱ्या खुर्शेद नरिमन यांचे नाव आपण दिले ते, पुढे त्याच भरावावर उठलेल्या उंच कचेऱ्यांच्या टोकाला!

महापालिकेकडे आमची मागणी अवघड नाही. कफ परेडपासून गोराईपर्यंत समुद्रासमोरील पहिल्या दोन रांगांचा नकाशा तिने काढावा आणि प्रत्येक पट्ट्याची कमाल उंची रस्त्याच्या पातळीपासून मीटरांत त्यावर लिहावी. वाहनतळाचे मजले त्या उंचीत धरले जावेत. मरीन ड्राइव्हला लावावयाचा आकडा वर्सोव्यास लावू नये, हे उघडच आहे. परंतु आकडा सर्वत्र असावा, आणि त्यात अधिमूल्य भरून सूट मिळण्याची सोय नसावी. अपवाद करावाच लागला तर तो आयुक्तांच्या दालनात नव्हे, सभागृहात कारणांसह व्हावा. नकाशाचा मसुदा मराठीत छापून किनाऱ्यालगतच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात भिंतीवर लावावा. हरकती घेण्यास तीस दिवस अपुरे पडतात. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा बोलावून ठराव करता येईल एवढी, निदान तीन महिन्यांची मुदत द्यावी. आणि तोपर्यंत पहिल्या रांगेत, मोडकळीस आल्या म्हणून रिकाम्या केलेल्या इमारती वगळता, नव्या उंच बांधकामाचा एकही प्रारंभ-दाखला देऊ नये.